आडवाट

मे १९६८. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, डरहॅम इथं ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात ऑपरेशन टेबलावर बत्तीस वर्षांचा एक मच्छीमार होता. त्याचं हृदय अधूनमधून उधळायचं, आणि एकदा उधळलं की आवरता आवरायचं नाही. औषधांचा उपयोग होत नव्हता. सततच्या धावपळीनं हृदयही थकू लागलं होतं. विल सीली या सर्जननी त्याची छाती उघडली तेव्हा समोर जे दिसत होतं त्यात खोट काढावी असं काही नव्हतं. ना भोक, ना गाठ, ना बिघडलेली झडप. कापायचा होता तो स्नायूचा एक धागा, फार तर मिलिमीटरभर जाडीचा, आणि आजूबाजूच्या मांसात असा मिसळलेला की डोळ्यांना तो वेगळा ओळखू येऊच नये.

तो कुठे आहे हे सीलींना विजेनं सांगितलं. त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तारेचं टोक उघड्या हृदयावर ठिकठिकाणी टेकवलं आणि ठोक्याची वीज कुठल्या जागी केव्हा पोचते ते टिपलं. खालच्या कप्प्यात ती सगळ्यात आधी जिथं उगवत होती ती जागा उजव्या कडेला, वरचा आणि खालचा कप्पा जुळतात त्या खाचेपाशी सापडली. तिथं सीलींनी छेद घेतला. ईसीजीचा विचित्र आकार पालटून नेहमीसारखा झाला, आणि पुन्हा उधळायचं थांबलं.

ठोक्यांच्या आजारावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून ही हकिगत पाठ्यपुस्तकांत येते. मला ती वेगळ्या कारणासाठी मोलाची वाटते. सुरी चालवणं हे त्या दिवशीचं सोपं काम होतं, अवघड होतं ते सुरी कुठे चालवायची हे ठरवणं. पुढे सुरी गेली, तिच्या जागी विजेचा झटका आला, मग उष्णता आली, मग थंडी आली, आणि आता पुन्हा झटका आला आहे. हत्यारं बदलत राहिली. यश मात्र दर वेळी एकाच गोष्टीवर ठरलं: जागा सापडली होती की नाही.

हृदयाचा ठोका वरच्या उजव्या कप्प्यातल्या एका छोट्या पुंजक्यातून सुरू होतो. तिथून निघालेली वीज वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते आणि मग अडते, कारण वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या तंतूंचं कडं आहे. त्या कड्यातून खाली उतरायला निरोगी माणसात एकच वाट असते, आणि त्या वाटेवर एव्ही नोड नावाचा नाका असतो. प्रत्येक ठोक्याला तिथं सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाएवढं थांबावं लागतं. तेवढ्या वेळात वरचे कप्पे आपलं रक्त खाली ओततात. काही माणसांत मात्र जन्मतःच त्या कड्यातून स्नायूचा एखादा धागा आरपार राहून जातो. जकात चुकवायला ट्रकवाले गावाबाहेरून आडवाट काढतात, तशी ही आडवाट. वीज नाक्यावर न थांबता थेट खाली पोचते. एवढ्यानं बिघडत नाही. पंचाईत होते ती वीज नाक्यातून खाली उतरून आडवाटेनं परत वर चढली की. मग ती त्याच वर्तुळात गरगरत राहते आणि हृदय मिनिटाला १८० ते २०० ठोके टाकू लागतं.

हे सगळं आज चार वाक्यांत सांगता येतं. कळायला मात्र पाऊण शतक लागलं. नाका शोधला तो सुनाओ तावारा या जपानी तरुणानं, जर्मनीत मारबुर्गला, १९०६ साली. ठोका जिथून निघतो तो पुंजका त्याच सुमारास इंग्लंडच्या केंट परगण्यात आर्थर कीथ यांच्या घरी सापडला. कीथ बायकोबरोबर सायकलवरून फिरायला गेले होते. घरी मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी चिचुंदरीसारख्या ‘मोल’ नावाच्या प्राण्याच्या हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला होता. कीथ परतले तेव्हा फ्लॅकनं त्यांना वरच्या उजव्या कप्प्यातली एक चमत्कारिक रचना दाखवली. शोधनिबंध १९०७ साली आला. गुरुजी हवा खायला गेले असताना शिष्यानं हृदयाचं मूळ शोधावं, यात विज्ञानाच्या इतिहासाला साजेसा खट्याळपणा आहे.

आडवाटेला नाव मिळालं ते त्याहून मजेशीर रीतीनं. स्टॅन्ली केंट यांनी १८९३ साली वरच्या-खालच्या कप्प्यांना जोडणारे स्नायूचे धागे पाहिल्याचं लिहिलं. त्यांच्या मते असे धागे सगळ्याच निरोगी हृदयांत असतात. ते चुकीचं होतं आणि पुढे नाकारलं गेलं. तरी आजारी हृदयातल्या आडवाटेला डॉक्टर दशकानुदशकं ‘केंटचा जुडगा’ म्हणत राहिले.

आजाराची ओळख पटली १९३० साली. बॉस्टनचे लुई वुल्फ आणि पॉल डडली व्हाइट आणि लंडनचे जॉन पार्किन्सन यांनी ११ रुग्णांची हकिगत छापली. बहुतेक तरुण, धडधाकट. ईसीजी विचित्र, पण हृदयात दुसरा काही दोष नाही, आणि अधूनमधून ठोक्यांचा उच्छाद. तिघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून डब्ल्यूपीडब्ल्यू हे नाव रूढ झालं. त्या तिघांना ईसीजीतला बिघाड दिसत होता, आडवाट नव्हे. ती मृत रुग्णाच्या हृदयाच्या कापांत दिसायला १९४३ साल उजाडलं. पुढे कळलं की हा आजार नेहमीच निरुपद्रवी नसतो. वरचे कप्पे अनियमित थरथरू लागले तर नाका त्यातले बरेच ठोके अडवून धरतो. आडवाटेवर अडवणारं कोणी नसतं, सगळा लोंढा खाली कोसळतो, आणि धडधाकट तरुण अचानक मरू शकतो.

१९६७ हे वर्ष या कथेत वळणाचं. ॲम्स्टरडॅममध्ये डर्क डुरर आणि त्यांचे तरुण सहकारी हाइन वेलेन्स यांनी रुग्णाच्या शिरेतून हृदयात तारा नेल्या आणि त्यांतून अचूक वेळ साधून एखादा जादा ठोका दिला. उधळणं सुरू झालं. आणखी एक ठोका दिला. उधळणं थांबलं. पॅरिसमध्ये फिलिप कूमेल त्याच सुमारास हेच करत होते. वर्तुळात फिरणारी वीज ही तोवर मुख्यतः तर्काची गोष्ट होती, आता ती मागेल तेव्हा सुरू आणि बंद करून दाखवता येऊ लागली. आजार हुकमी उभा करून पाहायचा, ही कल्पना आज कुठल्याही शहरातल्या कॅथलॅबमध्ये रोजची झाली आहे. त्या वेळी ती अनेकांना अघोरी वाटली असणार. त्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये हॉवर्ड बर्चेल यांच्या गटानं दुसऱ्या कारणासाठी उघडलेल्या हृदयात आडवाटेच्या जागी बधिर करणारं औषध टोचलं आणि ईसीजी थोडा वेळ सरळ झाला. जागा बरोबर होती, इलाज टिकाऊ नव्हता. वर्षभरात सीलींनी तो टिकाऊ केला.

सीलींनंतरची वीसेक वर्षं शस्त्रक्रियेची होती. जगातल्या मोजक्या केंद्रांत छाती उघडून आडवाटा कापल्या जात, आणि त्यातले अनेक रुग्ण कायमचे बरे होत. पण मरणाची भीती क्वचितच असलेल्या तरुण माणसाची छाती फाडायची हा मोठाच सौदा. दरम्यान न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर बेंजामिन शर्लाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे टोकाशी तारा असलेली बारीक नळी, नेऊन नाक्याच्या लगेच खालच्या विजेच्या वाटेचा, म्हणजे हिस बंडलचा, संकेत टिपायची सोपी रीत बसवली. तोवर हा संकेत माणसात सहजी मिळत नव्हता. आता कोणत्याही तयार हाताला, छातीला सुरी न लावता, तारेचं टोक नेमकं त्या जागी टेकवता येऊ लागलं. कॅथेटर ऐकायला शिकलं. त्याला काही करायला लावायचं मात्र कोणाच्या मनात आलेलं नव्हतं.

ते घडलं अपघातानं.

पॅरिसमध्ये सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका रुग्णाची अशी तपासणी चालली होती. कॅथेटरचं टोक हिस बंडलवर टेकलेलं. मध्येच हृदयाची लय बिघडली आणि छातीवरून विजेचा झटका द्यावा लागला. झटका देणाऱ्या यंत्राचा संपर्क चुकून कॅथेटरच्या बाहेर असलेल्या टोकाशी झाला. छातीवर पडायची ती वीज तारेतून थेट हृदयात गेली, आणि रुग्णाचा नाका कायमचा बंद पडला. वरचे ठोके खाली उतरेनात. झाक व्हेदेल, रोबेर फ्रँक, गी फोंतेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही घटना दडवली नाही, १९७९ साली फ्रेंच नियतकालिकात सविस्तर छापली. वैद्यकाच्या इतिहासात चुकीच्या हकिगती फार वेळा कोपऱ्यात जातात. ही छापली गेली नसती तर पुढचं सगळं किती लांबलं असतं कोण जाणे.

अपघातातलं बीज काहींनी ओळखलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मेल्विन शाइनमन यांच्याकडे वरच्या कप्प्यांच्या बेलगाम ठोक्यांनी हैराण झालेले रुग्ण येत. औषधं चालत नाहीत अशांसाठी एक कडू तोड होती: छाती उघडून नाकाच तोडून टाकायचा, वरचा गोंधळ खाली पोचू द्यायचा नाही, आणि खालच्या कप्प्यांना आयुष्यभरासाठी पेसमेकर लावायचा. हीच तोड कॅथेटरनं का करू नये? शाइनमन यांच्या प्रयोगशाळेत रोलांदो गोन्सालेस यांनी आधी कुत्र्यांवर ते जमवलं. मार्च १९८१ मध्ये शाइनमन यांनी पहिल्या माणसावर केलं. रुग्णाला भूल दिली, कॅथेटर नाक्यापाशी नेलं, त्याची बाहेरची तार शॉक देणाऱ्या यंत्राला मुद्दाम जोडली आणि काही शे जूलचा झटका दिला. नाका बंद झाला. छाती शाबूत राहिली. १९८२ साली या रुग्णांची हकिगत जामा या नियतकालिकात आली. त्याच वर्षी ड्यूकमध्ये जॉन गॅलाघर यांच्या गटानंही हेच केल्याचं स्वतंत्रपणे जाहीर केलं. जिथं सीलींनी सुरीनं वाट कापली त्याच रुग्णालयात आता तारेनं नाका जाळला जात होता.

यात एक विचित्र गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा इलाज आजारावरचा नव्हता. वरचे कप्पे पूर्वीसारखेच बेभान राहिले, फक्त त्यांचं खालच्यांशी बोलणं तोडलं. रुग्णाच्या अंगात जन्मभरासाठी यंत्र बसलं. तरीही रुग्ण हे खुशीनं पत्करत. यावरून त्या आजारानं त्यांना किती पिडलं होतं याचा अंदाज करावा.

झटका हे हत्यार फार रानटी होतं. कॅथेटरच्या टोकाशी क्षणभर ठिणगी उडायची, रक्तात वायूचा बुडबुडा फुगायचा आणि दाबाची लाट आसपास आदळायची. भूल देणं भागच होतं, शुद्धीवर असलेल्या माणसाला ते सोसलं नसतं. किती भाग मरेल यावर ताबा नाही. कडेच्या आडवाटांवर, विशेषतः हृदयाच्या मागच्या बाजूच्या पातळ शिरेच्या आसपास, हाच झटका दिला तर शीर फाटायची धास्ती. फ्रेड मोराडी आणि शाइनमन यांनी १९८४ साली मागच्या बाजूची एक आडवाट झटक्यानं यशस्वीपणे तोडून दाखवली, पण हा मार्ग सर्रास धरायचं धाडस थोड्यांनीच केलं. शाइनमन यांनी एक चांगली गोष्ट केली. जगभरातल्या केंद्रांतून अशा रुग्णांची माहिती एका नोंदवहीत गोळा करायला सुरुवात केली, यश-अपयश आणि मृत्यूंसकट. नवं तंत्र जन्माला येत असतानाच त्याचा हिशेब ठेवायची ही सवय तेव्हा दुर्मिळ होती, आजही फार सुलभ झालेली नाही.

पुढचं हत्यार शोधावं लागलं नाही, ते साठ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्येच पडून होतं. १९२६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनला हार्वी कुशिंग या मेंदूच्या सर्जननं विल्यम बोव्ही या भौतिकशास्त्रज्ञाचं यंत्र वापरलं होतं. रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागलेली डोक्यातली गाठ त्यांनी काही दिवसांनी परत येऊन, उच्च वारंवारतेच्या विजेनं रक्तवाहिन्या शेकत काढली. तेव्हापासून सर्जन ही वीज रोज वापरत. तिची खुबी अशी की ती सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलते. स्नायूला तिचा झटका बसत नाही, हृदय फडफडत नाही, फक्त टोकाशी टेकलेला ऊतींचा ठिपका तापतो. पन्नास अंशांच्या वर गेलं की पेशी मरतात. शंभराकडे गेलं की टोकावर रक्त भाजून चिकटतं आणि वीज जाईनाशी होते. मधल्या पट्ट्यात राहायचं, एवढंच कसब.

१९८५ च्या सुमारास अमेरिकेत स्टीफन ह्वांग यांनी कुत्र्यांच्या हृदयात कॅथेटरमधून ही वीज सोडली. १९८७ साली जर्मनीतल्या मार्टिन बोर्गग्रेफे, ग्युंटर ब्राइटहार्ट आणि सहकाऱ्यांनी माणसातली आडवाट तिनं जाळली. भूल नको, ठिणगी नको. पण त्या काळातल्या कॅथेटरचं टोक लहान होतं आणि जळालेला ठिपकाही लहान, त्यामुळे जरा चुकलं की आडवाट शाबूत. झटक्याच्या स्फोटात नेमकेपणाची उणीव खपून जायची. इथं ती लगेच उघडी पडायची.

ही उणीव भरून काढली ती ओक्लाहोमाच्या वॉरन जॅकमन यांनी. जॅकमन यांची ख्याती आधीपासून ऐकणाऱ्याची होती. हृदयाच्या मागून, दोन कप्प्यांच्या सांध्यालगत एक शीर जाते. तिच्यात खास घडवलेलं कॅथेटर सरकवून ते आडवाटेचा स्वतःचा संकेत टिपायचे. वरच्या कप्प्याचा मोठा संकेत, खालच्या कप्प्याचा मोठा संकेत, आणि दोहोंच्या मध्ये एक बारीकसा टोकदार काटा. तो काटा म्हणजे ती आडवाट बोलली. आता जाळायचं टोक चार मिलिमीटरचं आलं होतं, हातातल्या मुठीनं ते वाकवताही येत होतं. टोक काट्यापाशी न्यायचं आणि वीज सोडायची. जागा नेमकी असेल तर काही सेकंदांत ईसीजीचा आकार डोळ्यांसमोर पालटतो. कॅथलॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, हा क्षण शंभरदा पाहिला तरी शिळा होत नाही म्हणतात.

जून १९९१ मध्ये जॅकमन यांचा निबंध न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. १६६ रुग्ण, त्यातले १६४ आडवाटेतून सुटले. गुंतागुंत तिघांत. मृत्यू नाही. काही जणांत आडवाट परत जागी झाली, तीही दुसऱ्या खेपेला गेली. त्याच अंकात मिशिगनहून ह्यू कॅल्किन्स, मोराडी आणि सहकाऱ्यांनी निदान आणि इलाज एकाच बैठकीत उरकता येतात हे दाखवलं. हॅम्बुर्गहून कार्ल-हाइन्झ कुक यांचा असाच निबंध त्याच वर्षी लॅन्सेटमध्ये आला. दोन-तीन वर्षांत डब्ल्यूपीडब्ल्यूची उघडी शस्त्रक्रिया जवळजवळ संपली. सीलींच्या परंपरेतल्या सर्जनांनी ती कला इतकी निगुतीनं घडवली होती, पण रुग्ण आता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जात होते, छातीवर व्रण न घेता. कला कितीही सुंदर असली तरी याच्यापुढे ती टिकणार कशी?

१९९१ सालीच न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आणखी एक निबंध आला होता. त्याचा आडवाटांशी थेट संबंध नव्हता, पण सगळ्या क्षेत्राची हवा त्यानं पालटली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णांना जादा ठोके येत आणि ते दाबायला एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड ही औषधं दिली जात. ठोके दबले की मृत्यू टळतील, हे इतकं उघड वाटत होतं की ते तपासायची गरजच काय असं म्हणणारे होते. कास्ट या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत ते तपासलं. १,४९८ रुग्णांपैकी खरी औषधं घेणाऱ्यांत ६३ मेले आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २६. चाचणीतली ही औषधं १९८९ सालीच थांबवावी लागली होती. ठोके दबले होते, माणसं मरत होती. त्यानंतर औषधांवरचा सरसकट विश्वास पुन्हा आधीसारखा झाला नाही, आणि जॅकमन यांची बातमी अशा वेळी आली.

पुढची काही वर्षं जोरात गेली. नाक्याच्या आतच एक जलद आणि एक मंद अशी दोन पदरी वाट असण्याचा आजार डब्ल्यूपीडब्ल्यूहून जास्त आढळतो. तिथंही सुरुवातीला चुकीचा पदर जाळला जाई आणि काही रुग्णांना पेसमेकर लागे. १९९२ साली मंद पदर जाळायचा हे ओक्लाहोमानं आणि बोर्दोनं दाखवलं आणि तो प्रश्न मिटला. वरच्या उजव्या कप्प्यात एका ठरावीक रिंगणात वीज फिरते त्या फ्लटरचं अरुंद तोंड सापडलं, तिथं एक रेघ जाळली की काम झालं. १९९७ साली हैफाच्या गटानं चुंबकीय क्षेत्रात कॅथेटरचं टोक कुठे आहे हे संगणकाच्या पडद्यावर त्रिमितीत दाखवणारी पद्धत प्रसिद्ध केली. तोवर सगळं क्ष-किरणांच्या सावल्यांवर चालायचं. शिशाचा जड ॲप्रन अंगावर घालून तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या त्या पिढीच्या पाठीनं या शास्त्राची किंमत मोजली आहे.

मग आला एट्रियल फिब्रिलेशनचा डोंगर, वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर. वयस्कांमधला हा सगळ्यात नेहमीचा लयीचा आजार. पक्षाघाताचं एक मोठं कारणही हाच. इथं जागाच नाही असं सगळे मानत. गॉर्डन मो यांच्या विचारानुसार वरच्या कप्प्यात विजेच्या असंख्य छोट्या लाटा इकडून तिकडे भटकतात आणि एकमेकींना जिवंत ठेवतात. जागा नाही, तर जाळायचं काय? सेंट लुईचे सर्जन जेम्स कॉक्स यांनी १९८७ साली यावर मेझ नावाची शस्त्रक्रिया काढली. वरच्या कप्प्यांत ठरावीक नकाशानं इतके छेद घ्यायचे की लाटेला वळायला जागाच उरू नये. ती चालायची. पण कॅथेटरनं तसा अख्खा चक्रव्यूह आखणं म्हणजे दिवसच्या दिवस.

बोर्दोजवळच्या पेसाक इथल्या रुग्णालयात मिशेल हाइसागेर कॅथेटरनं अशाच रेघा काढत होते. रेघा काढताना त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. फिब्रिलेशन सुरू व्हायच्या क्षणी एक-दोन जादा ठोके येतात, आणि ते कप्प्याच्या भिंतीतून नव्हे, तर फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या आतून, दोन ते चार सेंटिमीटर खोलातून येतात. तिथं कॅथेटर न्यायचा कुणी विचारच केला नव्हता. खरं तर हृदयाच्या स्नायूची बाही या शिरांमध्ये काही अंतर शिरलेली असते हे शरीररचनेच्या अभ्यासकांना आधीच माहीत होतं. दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची राहून गेली होती, एवढंच. १९९८ साली त्यांनी ४५ रुग्णांची हकिगत छापली. एकूण ६९ उगमस्थानं सापडली, त्यातली ६५ या शिरांमध्ये. ज्या आजाराला जागा नाही असं ठरलं होतं, त्याला जागा होती.

सुरुवातीला शिरांच्या आतच जाळलं गेलं. काही रुग्णांच्या शिरा आकसल्या, धाप लागू लागली. मग शिरेच्या आत न जाता तिच्या तोंडाभोवती वर्तुळ काढून तिला विजेपुरतं वेगळं करायचं असं ठरलं. मिलानच्या कार्लो पाप्पोने यांनी मोठी वर्तुळं रूढ केली. २००४ साली त्याहून भयंकर गोष्ट कळली. कप्प्याच्या मागच्या भिंतीला लागूनच अन्ननलिका जाते, आणि जाळताना ती आतून पोळून दोन-तीन आठवड्यांनी दोहोंमध्ये भोक पडू शकतं. क्वचित घडतं, पण घडलं तर रुग्ण बहुधा वाचत नाही. मेझ शस्त्रक्रियेत सर्जनाला हृदय उघडं दिसत असतं. कॅथेटरवाल्याला पलीकडची भिंत दिसत नाही, फक्त माहीत असावी लागते.

यशाचे आकडे डब्ल्यूपीडब्ल्यूसारखे कधीच झाले नाहीत. कबाना चाचणीत २,२०४ रुग्णांना ॲब्लेशन (म्हणजे कॅथेटरनं जाळणं) किंवा औषधं असं चिठ्ठ्या टाकून वाटलं. २०१९ साली निकाल आला. मृत्यू, अपंग करणारा पक्षाघात, मोठा रक्तस्राव आणि हृदय बंद पडणं यांची एकत्र मोजदाद केली तर ८ टक्के आणि ९.२ टक्के, म्हणजे ठाम फरक नाही. औषधांच्या गटातल्या चौथाई रुग्णांहून जास्त लोकांनी मध्येच ॲब्लेशन करून घेतल्यानं वाद आजही मिटलेला नाही. रुग्णांना बरं मात्र वाटलं, थरथरही कमी झाली. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे त्यांच्याबाबत इतर चाचण्यांनी जास्त चांगली बातमी दिली. मला स्वतःला त्याआधीची, २०१५ सालची एक चाचणी जास्त बोलकी वाटते. महिनोन्‌महिने न थांबणारी थरथर असलेले ५८९ रुग्ण. काहींच्या फक्त शिरा वेगळ्या केल्या, काहींच्या कप्प्यात त्याशिवाय संशयास्पद संकेतांच्या जागा जाळल्या, काहींत रेघा ओढल्या. दीड वर्षानं थरथरीतून मोकळे किती? फक्त शिरांवाल्यांत ५९ टक्के, जास्त जाळलेल्या दोन गटांत ४९ आणि ४६. जागा माहीत नसताना जास्त जाळून काहीच मिळालं नाही.

आता शेवटचं वळण. ऐंशीच्या दशकात शाइनमन यांच्या झटक्यानं पेशी का मरत होत्या याचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा लक्षात आलं की उष्णता आणि स्फोट एवढंच त्यामागे नव्हतं. तीव्र विद्युतक्षेत्रानं पेशीच्या पडद्याला भोकं पडत होती. नेदरलंड्समधल्या उट्रेख्टचे फ्रेड विटकाम्प यांनी या धाग्याचा पाठपुरावा केला: ठिणगी आणि बुडबुडा टाळून नुसतं हे क्षेत्र वापरता येईल का? हृदयाच्या पेशी अशा क्षेत्राच्या क्षणिक स्पंदांना मज्जातंतूंपेक्षा आणि अन्ननलिकेपेक्षा लवकर बळी पडतात, म्हणजे पलीकडची भिंत बऱ्याच अंशी वाचते. २०१८ पासून विवेक रेड्डी आणि प्राग इथले पेत्र नॉयझिल यांच्या गटानं हजारो व्होल्टचे, सेकंदाच्या लाखाव्या भागात मोजावेत असे स्पंद माणसांच्या हृदयात दिले आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा पहिल्या यंत्राला परवानगी दिली. स्फोट वजा करून परतलेला हा तोच झटका आहे. शिरेभोवतीचं वर्तुळ आता मिनिटांत होतं. याचेही स्वतःचे त्रास दिसू लागले आहेत, जवळच्या रक्तवाहिनीचं आकसणं आणि रक्तपेशींचं फुटणं. पण महिनोन्‌महिने चाललेल्या थरथरीत शिरांशिवाय आणखी कुठे ही वीज सोडायची याचं उत्तर नव्या यंत्राकडेही नाही, आणि हाइसागेर यांनी दाखवलेल्या त्या शिरांच्या तोंडापासूनच डॉक्टर सुरुवात करतात.